राइबोसोम शाबूत राहतात, संदेश नष्ट होतात

आपली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. फ्लूच्या विषाणूकडे स्वतःचे राइबोसोम (प्रथिने बनवणारी पेशीतील यंत्रे) नसतात, मग तो पेशीचे प्रथिननिर्माण बंद पाडत असेल तर त्याची स्वतःची प्रथिने कशी तयार होतील, असा आपला आक्षेप आहे आणि त्यासाठी आपण पोलिओचा दाखला दिला आहे. आक्षेप रास्त आहे. मात्र राइबोसोमच थांबवले जातात, हे त्यातले गृहीतक इन्फ्लुएन्झा 'ए' या फ्लूच्या विषाणूला लागू पडत नाही. त्याचा मुख्य घाव पेशीच्या संदेशवाहक आरएनएवर, म्हणजे प्रथिन कसे बनवायचे याचा संदेश राइबोसोमकडे नेणाऱ्या रेणूंवर बसतो, आणि तोही बहुतांशी केंद्रकातच.

पेशीचा नवा आरएनए तयार होऊ लागताच त्याच्या आरंभीच्या टोकाला एक रासायनिक टोपी बसते. विषाणूच्या पॉलिमरेजमधील (आरएनए तयार करणाऱ्या यंत्रणेतील) पीबी२ हे प्रथिन ती टोपी पकडते आणि पीए हे प्रथिन तिच्यापासून साधारण १० ते १३ न्यूक्लिओटाइडांवर (आरएनएच्या साखळीतील कड्यांवर) आरएनए कापते. टोपीसह तुटलेल्या या तुकड्यापासूनच विषाणू स्वतःचा संदेश लिहू लागतो आणि पेशीचा उरलेला आरएनए वाया जातो. शिवाय विषाणूच्या अनेक वाणांमधील एनएस१ हे प्रथिन पेशीच्या सीपीएसएफ३० या प्रथिनाला जखडून ठेवते, त्यामुळे पेशीच्या संदेशांना त्यांच्या शेवटी लागणारी ॲडेनिनची शेपटी नीट जोडली जात नाही आणि ते पूर्ण होत नाहीत. विषाणूला या अडवणुकीची झळ पोहोचत नाही, कारण त्याचे पॉलिमरेज आपल्या साच्यातील (ज्यावरून नक्कल होते त्या आरएनएमधील) युरिडिन या घटकांच्या छोट्या पट्ट्यावर अडखळत, तोच भाग पुन्हा पुन्हा वाचत स्वतःची शेपटी स्वतःच तयार करते. २०१२ मध्ये उजेडात आलेले पीए-एक्स हे प्रथिनही पेशीचे आरएनए कापते.

पोलिओचा विषाणू मात्र ईआयएफ४जी हा टोपी असलेला संदेश राइबोसोमशी जोडणारा पेशीचा घटकच तोडतो. त्याला ते परवडते, कारण त्याच्या आरएनएला टोपी लागत नाही. फ्लूचे संदेश चोरलेल्या टोपीवरच चालतात. त्याने हाच घटक तोडला असता तर त्याचेच काम अडले असते.

पेशीच्या प्रथिननिर्माणाचे दमन जितके अधिक तितका आजार तीव्र, हे आपले दुसरे विधान मला मान्य नाही. पुण्याने ज्याची धास्ती अनुभवली, त्या २००९ च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूतील एनएस१ सीपीएसएफ३० ला अडवू शकत नव्हते, तरीही त्याने जगभर साथ पसरवली. १९१८ च्या विषाणूतून पीए-एक्स काढून टाकल्यावर तर उंदरांमध्ये तो अधिक घातक ठरला, कारण शरीराची दाहक प्रतिक्रिया आवरणारा एक लगामच त्यामुळे सुटला होता.