गिधाडं दोन नव्हती

आमच्या गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. सुदानमधलं खुरडणारं उपाशी मूल, मागं टपून बसलेलं गिधाड, आणि खाली मजकूर: केविन कार्टर या दक्षिण आफ्रिकेतल्या फोटोग्राफरनं त्या मुलीला मरायला सोडून फोटो काढला, बक्षीस मिळवलं. मग एकानं त्याला फोनवर विचारलं, ‘गिधाडं किती होती?’ तो म्हणाला, ‘एक.’ ‘नाही, दोन. दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता.’ हे ऐकून त्यानं जीव दिला. खानापुरात वीस वर्षं माझा स्टुडिओ आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

मूल मेलं, हे खोटं. फोटो मार्च १९९३ चा, दक्षिण सुदानातल्या अयोद गावचा. न्यूयॉर्क टाइम्सनं तो २६ मार्चला छापला. मुलाचं पुढं काय झालं असं वाचक विचारू लागले, तेव्हा चारच दिवसांत संपादकांनी खुलासा केला: गिधाड हाकलल्यावर मूल उठून चालू लागलं, पण अन्नकेंद्रापर्यंत पोचलं का ते ठाऊक नाही. २०११ साली ‘एल मुंदो’ या स्पॅनिश वृत्तपत्राचे लोक त्या गावी गेले. ती मुलगी नव्हतीच, मुलगा होता. त्या दुष्काळातून तो वाचला होता आणि बऱ्याच वर्षांनी, २००७ च्या सुमारास, तापानं गेला, असं वडिलांनी सांगितलं.

फोटो मोठा करून त्याच्या उजव्या मनगटाकडं बघा. प्लॅस्टिकचा पट्टा दिसेल. म्हणजे अन्नकेंद्रात त्याची नोंद आधीच झाली होती. ज्याला सगळे बेवारस समजले, त्याचं नाव कुणीतरी लिहून घेतलं होतं. शंभर वेळा फॉरवर्ड होऊन फुटलेल्या फोटोत हा पट्टाच आधी पुसला जातो.

कार्टरनं काहीच केलं नाही, हेही खरं नाही. गिधाड त्यानंच हाकललं. मुलाला उचलून केंद्रावर न्यायला हवं होतं का? माझं मत विचाराल तर हो, न्यायला हवं होतं. हा सवाल त्याला तेव्हाही विचारला गेला, आणि तो रास्तच आहे.

फोनचं म्हणाल तर कुणाचा, कधी, मेसेजात काहीच नाही. ‘दुसरं गिधाड’ हे शब्द अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राच्या टीकेतून आले.

राहिला मृत्यू. एप्रिल १९९४ मध्ये त्याला या फोटोसाठी पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं बक्षीस, मिळालं. त्याच महिन्यात त्याचा जिवलग मित्र, फोटोग्राफर केन ऊस्टरब्रूक, दक्षिण आफ्रिकेतल्या थोकोझा वस्तीत गोळी लागून गेला. २७ जुलैला कार्टरनं आयुष्य संपवलं. मागं ठेवलेल्या चिठ्ठीत कर्ज होतं, डोळ्यांपुढून न हलणारे खून आणि प्रेतं होती, उपाशी, जखमी मुलं होती, आणि केन होता. इतकं सोसलेल्या माणसाचं मरण एका टोमण्यावर टांगणं मला क्रूर वाटतं. शिवाय यादवी युद्धानं ती उपासमार आणली, त्याबद्दल मेसेजात एक अक्षर नाही. सगळा राग कॅमेऱ्यावर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा चढली तेव्हा मी नदीकाठच्या एका गावात होतो. मातीची भिंत खचत होती, मी फोटो काढत होतो. एक आज्जी ओरडल्या, ‘फोटो काय काढतोस रे, हात लाव की आधी!’ मी कॅमेरा गळ्यात टाकला, त्यांची धान्याची पोती देवळात नेऊन ठेवली. रात्रीत उरलेली भिंतही वाहून गेली. पुढं पंचनामा करायला साहेब आले, तेव्हा तिथं नुसता चिखल होता. घर होतं हे दाखवायला आज्जींच्या हातात माझे ते तीन फोटो होते.