सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतू नका: फिरणाऱ्या एका मेसेजला मुद्देसूद उत्तर

घरातली सगळी क्लीनर फेकून द्या, असं सांगणारा एक मेसेज जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलेला असतो. वाटीभर खायचा सोडा घ्या, त्यावर वाटीभर व्हिनेगर ओता आणि फेस येऊ द्या. त्याने तुंबलेलं सिंक मोकळं होतं, वॉशिंग मशीनचा वास जातो, नळावरचे आणि केटलमधले पांढरे थर निघतात, जंतू मरतात. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून ठेवा. डाग चिवट असेल तर त्यातच थोडं ब्लीच घाला. आणि सगळं नैसर्गिक असल्यामुळे कशालाही अपाय नाही. सोबत फसफसणाऱ्या सिंकचा व्हिडिओ असतो, आणि तोच लोकांना पटतो.

माझं म्हणणं सरळ आहे. सोडा उपयोगी आहे, व्हिनेगरही उपयोगी आहे. पण दोन्ही एकत्र केले की एकमेकांना संपवतात. त्यात ब्लीच घालायचा जो सल्ला आहे, तो तर जिवावर बेतू शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी फेस, कारण बाकी सगळे दावे त्याच्यावर उभे आहेत. खायचा सोडा सौम्य अल्कली, व्हिनेगर सौम्य आम्ल. व्हिनेगरमध्ये सुमारे ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, बाकी जवळपास सगळं पाणी. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक क्षार, जे सफाईच्या कामात जवळपास निरुपयोगी आहे. फेस दिसतो तेव्हा सफाई सुरू झालेली नसते. ज्या दोन गोष्टींनी सफाई झाली असती त्या संपत असतात.

आता मेसेजमधलं माप तपासून बघा. १५० मिलीलिटरची वाटी धरली तर व्हिनेगरमध्ये साधारण ७.५ ग्रॅम आम्ल असतं. तेवढं आम्ल संपवायला साडेदहा ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे जेमतेम दोन चमचे. वाटीभर सोडा भरतो १५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे व्हिनेगरचा आम्लपणा पहिल्या दोन चमच्यांतच गेला. उरलेला सोडा तरी विरघळून कामी येतो का? तोही नाही, कारण साध्या तापमानाला १०० मिलीलिटर पाण्यात १० ग्रॅमच्या आतबाहेरच खायचा सोडा विरघळतो. बाकीचा ओल्या चुन्यासारखा तळाला बसतो. तुंबलेल्या पाइपमध्ये तो कुठे जाऊन बसत असेल, हे वेगळं सांगायला नको.

पहिला दावा सिंकचा. फेसाच्या जोराने अडकलेला मळ पुढे ढकलला जातो, असं म्हणतात. वायूला जोर येतो तो कोंडल्यावर. सिंकचं तोंड वर उघडं असतं, आणि खाली पाणी आणि मळ दोन्ही वाट अडवून बसलेले असतात. मग वायू जाणार कुठे? वरच. व्हिडिओत फेस वर उसळताना दिसतो तो त्यामुळेच. शिवाय सिंकखालच्या पाइपच्या वाकड्या भागात नेहमी पाणी भरलेलं असतं, त्यामुळे ओतलेलं व्हिनेगर खाली पोचेपर्यंत आणखी पातळ होतं.

अडकलेलं असतं काय, हेही बघायला हवं. न्हाणीघरात केसांचं जाळं आणि त्यात साबणाचा चिकट साका, स्वयंपाकघरात थिजलेलं तेल-तूप आणि त्याला चिकटलेले कण. केस हे प्रथिन आहे. ते विरघळवायला कॉस्टिक सोडा लागतो, खाण्याच्या सोड्याची ती ताकद नाही. थिजलेल्या चरबीचं तर उलटंच होतं: सोडा आणि व्हिनेगर एकमेकांत मिसळताना उष्णता शोषली जाते. काचेच्या ग्लासात करून बघा, ग्लास हाताला थंड लागतो. चरबी सुटायला ऊब हवी, आणि आपण गारवा ओततो.

तरीही कित्येकांचं सिंक या उपायाने मोकळं झालेलं असतं, आणि ते खोटं बोलत नाहीत. मेसेजच्या शेवटी भरपूर गरम पाणी ओतायला सांगितलेलं असतं. मळ थोडाच असेल तर तो त्या पाण्याने सुटतो, श्रेय मात्र फेसाला मिळतं. गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड एवढ्यानेच तेच झालं असतं. फक्त पाणी उकळतं नको. पीव्हीसीचे पाइप उष्णतेने मऊ पडतात आणि सांधे गळू लागतात.

खरोखर तुंबलेलं असेल तर प्लंजर, म्हणजे दांड्याला लावलेली रबराची वाटी, घ्या. सिंकला वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याचं भोक असेल तर ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, रबराची वाटी बुडेल एवढं पाणी साचू द्या, आणि मग दाबा-ओढा. पाणी दबत नाही, म्हणून हाताचा जोर थेट मळापर्यंत पोचतो. वायू दबतो, म्हणून पोचत नाही. एवढ्यानेही भागलं नाही तर खाली बादली ठेवून वाकड्या भागाच्या प्लास्टिकच्या रिंगा हाताने सैल करा आणि तो भाग उतरवून घासा. बहुतेक वेळा अडथळा तिथेच हाताला लागतो. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पाइपमध्ये आधी कॉस्टिकचं ड्रेन क्लीनर ओतलं असेल तर प्लंजर मारू नका, पाइप उघडू नका, आणि वरून व्हिनेगर तर मुळीच ओतू नका. कॉस्टिक आणि आम्ल भेटले की उष्णता भडकते आणि द्रव अंगावर उडतो.

दुसरा दावा वॉशिंग मशीनचा. दोन्ही गोष्टी ड्रममध्ये टाकून मशीन फिरवा, असं सांगतात. ड्रममध्ये दहाएक लिटर पाणी येतं. त्यात आधीच संपलेलं वाटीभर मिश्रण काय करणार? आणि वास येतो कुठून? जास्त टाकलेली पावडर, फॅब्रिक सॉफ्टनरचा चिकटा, कायम थंड पाण्यातली धुलाई आणि धुऊन झाल्याबरोबर बंद केलेलं दार. समोरून उघडणाऱ्या मशीनच्या दाराभोवती रबराची जाड कडा असते. तिची घडी बोटाने बाहेर ओढून बघा. आत करडा बुळबुळीत थर असतो, केस असतात, दोऱ्याचे पुंजके असतात, खालच्या बाजूला काळे ठिपके असतात. हा थर म्हणजे जंतूंची आणि बुरशीची वस्ती. ती पुसूनच काढावी लागते, फडकं घालून, घडीच्या तळापर्यंत.

त्यानंतर पावडरचा कप्पा बाहेर काढून धुवा, तो ज्या खाचेत बसतो तिचं छतही पुसा. पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात फिल्टर असतो. पसरट ताट ठेवून तो सावकाश उघडा, कारण पाणी येणारच. मग रिकामं मशीन ६० अंशांवर किंवा ड्रम साफ करायच्या सेटिंगवर चालवा. आणि रोजची सवय म्हणजे दार आणि कप्पा उघडा ठेवा. एखाद्या वेळी व्हिनेगर वापरल्याने मशीन बिघडणार नाही. पण अनेक कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत ते वारंवार वापरू नका असं सांगतात, कारण आम्लाने रबराच्या कडा आणि नळ्या हळूहळू खराब होतात. आपल्या मशीनची पुस्तिका काय म्हणते ते बघावं आणि तसंच करावं.

तिसरा दावा नळ, शॉवर आणि केटलवरच्या पांढऱ्या थराचा. मेसेजचा मला सर्वांत जास्त राग इथे येतो, कारण उत्तम चालणारा उपाय त्यात बिघडवून टाकला आहे. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो काढायला आम्लच लागतं. नुसतं व्हिनेगर हे काम छान करतं. त्यात सोडा घातला की आम्ल सोड्यावर खर्च होतं आणि थराच्या वाट्याला काही उरत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. एका ग्लासात नुसतं व्हिनेगर घ्या आणि जाळी त्यात बुडवा. पांढऱ्या खरपुडीच्या प्रत्येक कणातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येताना दिसेल. हाही कार्बन डायऑक्साइडच, पण हा थरातून निघतोय, म्हणजे थर विरघळतोय. अर्ध्या-पाऊण तासाने जुन्या टूथब्रशने घासलं की भोकं एकेक करून मोकळी होतात. तशीच दुसरी जाळी सोडा-व्हिनेगरच्या मिश्रणात ठेवा. सुरुवातीला खूप गडबड दिसेल, मग सगळं शांत होईल आणि खरपुडी होती तिथेच राहील.

जाळी निघत नसेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका, मुलामा खराब होतो. सोनेरी किंवा पितळी मुलाम्याच्या नळांना तर आम्ल लावूच नये. केटलसाठी मला सायट्रिक ॲसिड जास्त आवडतं, कारण मागे वास राहत नाही. लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे, एक उकळी, अर्धा तास तसंच, मग ओतून द्यायचं आणि साधं पाणी एकदा उकळून तेही फेकायचं. गीझरमध्ये मात्र स्वतः काही ओतू नका. त्याची कॉइल कारागिराकडून वीज बंद करून बाहेर काढून साफ करून घ्यायची असते.

फ्रिजच्या वासाबद्दल थोडक्यात सांगते. सोड्याची वाटी आत ठेवल्याने थोडा फरक पडतो, जास्त नाही. कोमट पाण्यात चमचाभर सोडा विरघळवून त्याने कप्पे आणि दाराच्या रबराच्या खाचा पुसल्याने बराच पडतो. व्हिनेगरचं इथे काम नाही.

जंतू मरतात, हा चौथा दावा. खायचा सोडा जंतुनाशक नाही. व्हिनेगर काही जंतूंना मारतं, सगळ्यांना नाही, आणि जे मारतं ते त्यातल्या आम्लामुळे. मिश्रणात आम्लच राहिलं नाही, तर मारणार कोण? घरातल्या बहुतेक जागांसाठी साबणपाणी, घासणं आणि कोरडं पुसणं पुरतं. घरात कुणी आजारी असेल आणि खरंच निर्जंतुक करायचं असेल तर त्यासाठीच बनवलेलं औषध घ्या, आणि लेबलवर जितकी मिनिटं ओलं ठेवायला सांगितलंय तितकी मिनिटं ठेवा. लावून लगेच पुसलं तर त्याचाही उपयोग नाही.

मिश्रण बाटलीत भरून ठेवा, हे तर वाचूनच धसका बसतो. वाटीभर व्हिनेगरमधून सुमारे ३ लिटर वायू निघू शकतो. फसफसतं मिश्रण अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरून कुणी झाकण घट्ट लावलं तर बाटली फुगते आणि फुटूही शकते. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे अशी बाटली सिंकखाली पडलेली असू नये. पूर्ण फसफसून झाल्यावर भरली तर फुटणार नाही, पण मग आत जपून ठेवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

नैसर्गिक, म्हणून कशालाही अपाय नाही, हेही खरं नाही. संगमरवर कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो; नळावरचा थर खाणारं व्हिनेगर संगमरवरी ओट्याची चकाकीही खातं, आणि ते डाग पुसून जात नाहीत. सोड्याने ॲल्युमिनियम काळवंडतं. धुण्याचा सोडा त्याहून बराच तीव्र असतो. चिमणीची स्टीलची तेलकट जाळी त्यात गरम पाण्याने सुंदर निघते, पण जाळी ॲल्युमिनियमची असेल तर खराब होते. खायच्या सोड्याचा खरा गुण म्हणजे तो काचेपेक्षा कितीतरी मऊ असतो. थोड्या पाण्यात कालवून स्टीलच्या सिंकवर किंवा ओव्हनच्या काचेवर चोळला तर मळ निघतो आणि सहसा ओरखडा पडत नाही. त्यासाठी तो जरूर वापरा. व्हिनेगर लावायचंच असेल तर सोडा पूर्ण धुतल्यावर, वेगळं.

आता ब्लीच. घरातल्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं आणि ते आम्लात मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. न्हाणीघर लहान, खिडकी बंद, आणि माणूस भांड्यावर ओणवा. तिथे थोडासा क्लोरीनही डोळे, घसा आणि फुप्फुसं जाळतो. सोडा जास्त असला तर आम्ल आधीच संपलेलं असेल, असं कुणी म्हणेल. पण ओतताना कोण कुणाला आधी भेटेल याचा भरवसा नसतो, आणि मेसेज वाचणारा प्रत्येक जण मापाने ओतत नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते व्हिनेगरपेक्षा फार तीव्र आहे आणि ब्लीचबरोबर त्याची गाठ त्याहून वाईट. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्येही ब्लीच मिसळू नका; त्यातून क्लोरामाइन नावाचे विषारी वायू निघतात.

चुकून मिसळलंच आणि झोंबणारा वास आला, तर आणखी काही ओतून ते मारायला जाऊ नका. श्वास रोखून बाहेर या, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि मोकळ्या हवेत थांबा. खोकला, छातीत जळजळ किंवा धाप कमी होत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि काय-काय मिसळलं होतं ते त्यांना सांगा. आणि तो मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर बाकीचं जाऊ द्या, ब्लीचची ओळ तेवढी चुकीची आहे, एवढं त्याच ग्रुपवर आजच्या आज लिहा.