आधी विचारा तरी

सकाळपासून तीन जणांनी तोच व्हिडिओ पाठवलाय. गोव्यातल्या म्हापसा बसस्टँडवर झोपणाऱ्या त्या बेघर म्हाताऱ्याला, ज्याला सगळे मामा म्हणतात, चौघांनी धरलंय, एकजण डोक्यावर मशीन फिरवतोय, मग पाइपने आंघोळ, नवीन टीशर्ट, मागे रडकं म्युझिक आणि खाली हात जोडलेले इमोजीच इमोजी. मामा तोंड वासून ओरडतोय, तो आवाज तेवढा काढून टाकलाय.

मला तो आवाज माहितीय. मागच्या पावसाळ्यात एका रात्री मीपण गेलेले पुण्य कमवायला, घरातली जुनी चादर घेऊन. तो झोपलेला, उशाला ती गोणपाटाची पिशवी. चादर नीट घालावी म्हणून मागून जाऊन पिशवी जराशी सरकवली तर असा किंचाळत उठला, माझ्या हातावर फटकाच बसला. खोटं कशाला बोलू, रागच आला. म्हटलं जा, करा यांचं भलं! तर गाड्यावरची चहावाली म्हणाली, बाय, झोपेत हात लावायचा नाही त्याला, आजवर लाथेनेच उठवलाय सगळ्यांनी. समोर बसा, आधी बोला, आणि पिशवीला शिवूच नका.

यालाच, म्हणजे माणसाने आधी काय सोसलंय ते ध्यानात ठेवून त्याच्याशी वागण्याला, ट्रॉमा इन्फॉर्म्ड केअर म्हणतात म्हणे, त्याची ट्रेनिंगं होतात. तिला कोण देणार सर्टिफिकेट!

हो, जटा झालेल्या, पायाला जखम होती, मान्य. आणि त्या पोरांनी हात तरी लावला, आपण नाक दाबून कदंबची बस पकडतो. पण चौघांनी दाबून धरायचं? कॅमेऱ्यासमोर? तुमच्या आजोबांना असं धराल का रे?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे. मामासारखा मनाने आजारी माणूस रस्त्यावर भटकताना दिसला तर पोलिसांनी २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये टाकायचं नाही, घरच्यांचा शोध घ्यायचा. बांबोळीला अख्खं सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे. पण रील तिथे कुठे बनणार. आणि गंमत म्हणजे १९७२ च्या कायद्याने आपल्या गोव्यात भीक मागणं गुन्हा, म्हणजे हाच मामा एका कायद्यात पेशंट, दुसऱ्यात आरोपी.

जाऊदे. मी तरी कोण मोठी, त्या फटक्यानंतर आठवडाभर त्या बाजूला फिरकले नव्हते. मग एकदा समोर बसून नुसतं विचारलं, चहा घेणार? बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, साखर कमी.

आज गेले तर जागा रिकामी. पिशवी त्या पोरांनी कचऱ्यात टाकलेली, चहावालीने उचलून झटकून गाड्याखाली ठेवलीय. आला तर आधी तीच शोधेल म्हणाली.