दुबईची पेटी आणि सोलापूरचं ऊन

उन्हाळ्यात सोलापुरात कुठलीही वस्तू ओली ठेवणं हा पुरुषार्थ आहे. दोरीवर टाकलेला टॉवेल चिमटा शोधेपर्यंत वाळतो. अशा गावात मेव्हण्याने दुबईहून सिगारची पेटी आणली आणि वर दम दिला, "दाजी, आत ६५ ते ७० टक्के आर्द्रता पाहिजे. कमी झाली की सिगार तडकते, जास्त झाली की बुरशी." मी सिगार ओढत नाही, पण सासरच्या वस्तूला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

पेटी स्पॅनिश सीडरची. हे झाड महोगनीच्या, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्याच कुळातलं. कडुनिंब बिचारा डांबरी रस्त्याच्या कडेलाही तगतो. त्याच्या या भाऊबंदाला मात्र आधी वाटीभर डिस्टिल्ड वॉटर ठेवून आठवडा-दोन आठवडे पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते सिगारमधला ओलावा शोषतं. नळाचं पाणी चालत नाही, क्षार साचतात. बॅटरीच्या दुकानात गेलो. "कुठली गाडी?" मी म्हटलं, "लाकडी."

"माणसांना पाणी चार-पाच दिवसांआड," आई पिंपावर झाकण आपटत म्हणाली, "आणि त्या खोक्याला रोज?"

मग आर्द्रता मोजणारा मीटर. तो ५८ दाखवायचा. खरं की खोटं, हे ठरवायला मिठाची परीक्षा असते: बुचात मीठ घ्यायचं, थेंब-थेंब पाणी घालून चिखल करायचा आणि मीटरसोबत बंद पिशवीत सात-आठ तास ठेवायचं. आत ७५ टक्के होतात. आमच्या मीटरने ६९ दाखवले. घरात सहा टक्के कमी बोलणारं कुणीतरी आहे, याचंच मला बरं वाटलं.

खरी गोची दुपारची. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. वाफ तेवढीच असली तरी टक्का घसरतो. शिवाय २४-२५ अंशांच्या वर तंबाखूतल्या किड्यांची अंडी उबतात म्हणे. बाहेर पारा ४२ वर! शेवटी कूलर पेटीकडे वळवला. बायको पुठ्ठ्याने वारा घेत बघत राहिली. दोन दिवसांत मीटर ७८ वर. कूलर बंद केला, तर मीटर उतरायच्या आधी बायकोचा पारा चढला.

गल्लीत विड्या वळणाऱ्या मावशी आहेत. तेंदूची पानं भिजवून, ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून, सकाळी कापण्यात त्यांचा जन्म गेला. मीटर कसला, त्यांचा अंगठाच पुरतो. त्यांनी सिगार उचलली, दोन बोटांत दाबली, कानाशी नेली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लै ओली ठेवलाव की ओ. आमी विडी वळल्यावर शेकतात भट्टीत. देऊ का पाठवून?"

"नको, नको! ही ओलीच असते."

"मग असू दे," त्या सिगार परत ठेवत म्हणाल्या. "कारखान्यात नेली असती, तर नापास म्हणून छाटात काढली असती."