काचेचा फोन येतोय म्हणून थांबलेल्या मामांना

गेल्या आठवड्यात मामा फुटका फोन घेऊन माझ्या दुकानात आले. कॉम्बोचा, म्हणजे काच आणि पडदा मिळून येणाऱ्या भागाचा, भाव ऐकला आणि म्हणाले, "राहू दे रे, वर्षभरात काचेचे फोन येतायत." रात्री घरच्या ग्रुपवर त्यांचा पुरावाही आला. व्हिडिओत रांगेत उभी असलेली मुलगी हातातल्या आरपार काचेवर बोट फिरवतेय. खाली मजकूर : पारदर्शक टीव्ही आला, आता फोन, चालताना समोरचं दिसेल, अपघात टळतील, बॅटरी दुप्पट चालेल, कंपन्यांनी हे तंत्र इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं. हाच मेसेज नंतर तीन गिऱ्हाइकांनीही दाखवला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ती मुलगी. व्हिडिओ २०२५चा, अमेरिकेतला. तिच्या हातात फोन नाहीच, फोनच्या आकाराचा ॲक्रिलिकचा कोरा तुकडा आहे. फोनची सवय सुटावी म्हणून हाताला दिलेला चाळा. म्हणजे फोन सोडवायला केलेली वस्तू आपण नवा फोन समजून फॉरवर्ड करतोय!

आता टीव्ही. तो मात्र खरा आहे. एलजीने जानेवारी २०२४ मध्ये लास व्हेगासला ७७ इंची पारदर्शक ओएलईडी (ज्यातला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, स्वतःच उजळतो) टीव्ही दाखवला आणि वर्षअखेरीला अमेरिकेत विकायला काढला, साधारण ६० हजार डॉलरला. आपले पन्नास लाख. पण त्याचं सामान कुठे ठेवलंय ते बघा : खालच्या बैठकीत, आणि वायरलेस जोडलेल्या वेगळ्या डब्यात. काचेमागे काही नाही, म्हणून ती आरपार. लेनोवोने त्याच वर्षी बार्सिलोनात पारदर्शक पडद्याचा लॅपटॉप दाखवला, तोही फक्त नमुना म्हणून. त्यातही बोर्ड, बॅटरी सगळं कीबोर्डखालच्या जाड भागात.

फोनला असा खालचा मजला नसतो. मी रोज फोन उघडतो. कॉम्बो काढला की मागे बॅटरी, बोर्ड, कॅमेरे, स्पीकर, स्ट्रिपा म्हणजे चपट्या वायरी. बोट ठेवायला जागा नाही. बॅटरीत तांब्याचा नि ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर काळा लेप. पडदा कितीही आरपार केला तरी त्यातून दिसणार काय, तर बॅटरी. स्टॅनफर्डमध्ये २०११ साली पारदर्शक बॅटरी करून दाखवली होती, पण तिथेही काळा माल पारदर्शक झाला नव्हता. डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक रेघांच्या जाळीत तो भरला होता. जाळीतल्या मोकळ्या जागेत वीज साठत नाही, हे सांगायला नको.

आणि पडदा तरी कितीसा आरपार? नेहमीच्या एलसीडीत, म्हणजे मागून दिवा लागणाऱ्या पडद्यात, निम्म्याहून जास्त प्रकाश पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश सोडणारी फिल्म) खातो, उरलेल्यातला दोन तृतीयांश रंगांचे फिल्टर. पलीकडे दहा टक्केही पोचत नाही. ओएलईडीला दोन्ही गोष्टींवाचून भागवता येतं, म्हणून बेजिंग आणि शेन्झेनच्या मेट्रोच्या खिडक्यांत २०२० साली बसवलेले पडदे साधारण ४० टक्के आरपार आहेत. तरी काळा रंग त्यांना जमत नाही. पिक्सेल विझला की तिथे काळं नाही, मागचं दिसतं. सिनेमातली रात्र दाखवायची तर मागे भिंत हवी. म्हणूनच एलजीच्या त्या टीव्हीत बटण दाबलं की काचेमागून काळा पडदा वर सरकतो. पन्नास लाखांचा टीव्ही, आणि त्याला मागून पडदा लावायचा!

अपघात टळतील म्हणे. एक बोट नाकापासून वीतभर धरा आणि समोरच्या रिक्षाचा नंबर वाचा. बोट धूसर होतं. बोटावर नजर आणली की नंबर धूसर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर जमतो, काच आरपार असली म्हणून त्यात फरक पडत नाही.

बॅटरीचा मुद्दा तर उलटा आहे. ओएलईडीला बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, लागत नाही, पण ते आजच्या साध्या ओएलईडी फोनलाही लागू आहे. आरपार पडद्यामागून ऊन आलं तर अक्षरं दिसायला उजेड वाढवावा लागेल, म्हणजे चार्जर जवळ ठेवा.

राहिलं दाबून ठेवलेलं तंत्र. आरपार ओएलईडीवरचा प्रिन्स्टनचा शोधनिबंध १९९६ साली 'नेचर'मध्ये छापून आला, सगळ्या जगासमोर. २००९ साली सोनी एरिक्सनने एक्सपेरिया प्युअरनेस नावाचा आरपार पडद्याचा फोन विकलासुद्धा. पडदा १.८ इंची, एकरंगी. कॅमेरा नाही. लोकांनी घेतला नाही, एवढंच.

आरपार पडद्याला फोनमध्ये खरं काम मिळालंय ते छोट्याशा जागी. झेडटीई या चिनी कंपनीने २०२० साली आणि सॅमसंगने २०२१ च्या फोल्ड ३ या घडीच्या फोनमध्ये सेल्फी कॅमेरा पडद्याखाली लपवला. त्यावरचा मसुराच्या दाण्याएवढा भाग प्रकाश आत सोडतो. तेवढ्यासाठी तिथले पिक्सेल विरळ करावे लागले, आणि फोटो तरीही जरा धुरकटच येतात.

मामा, तुमच्या फोनचा कॉम्बो मागवलाय. शनिवारी संध्याकाळी घेऊन जा.