अदली मन्सूर ‘घटनेनुसारच’ राष्ट्राध्यक्ष झाले होते का?

इजिप्तमधल्या २०१३ च्या सत्तांतराचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे येतो. त्याचा गोषवारा असा: राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी पदावरून गेले, पद रिकामे झाले आणि इजिप्तच्या राज्यघटनेनुसार ते सर्वोच्च संविधान न्यायालयाचे प्रमुख अदली मन्सूर यांच्याकडे आपोआप आले; आपल्याकडे १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्लांकडे आले होते तसेच. शिवाय असेही म्हटले जाते की मन्सूर यांना न्यायालयाच्या प्रमुखपदी लष्करानेच आणले होते, वर्षभर त्यांनी फक्त सह्या केल्या आणि २०१४ ची निवडणूक हरून ते घरी गेले. यातला एकही मुद्दा कागदपत्रांपुढे टिकत नाही.

‘पद घटनेनुसार आपोआप आले’

कोणत्या घटनेनुसार, हा पहिला प्रश्न. इजिप्तच्या तीन घटना इथे एकमेकींत मिसळल्या जातात. १९७१ च्या घटनेचे कलम ८४ म्हणत होते की पद रिकामे झाले तर ते संसदेच्या अध्यक्षांकडे जाईल; संसद बरखास्त असेल तर संविधान न्यायालयाच्या प्रमुखांकडे. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांची हत्या झाल्यावर याच कलमाने संसदेचे अध्यक्ष सूफी अबू तालेब काही दिवस हंगामी राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मुबारक फेब्रुवारी २०११ मध्ये पदावरून गेले तेव्हा मात्र हे कलम बाजूला राहिले आणि सत्ता लष्करी परिषदेने घेतली.

मोर्सींच्या काळात लागू होती ती डिसेंबर २०१२ ची घटना. तिच्या कलम १५३ नुसार पद रिकामे झाले तर ते कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांकडे आणि ते सभागृह नसेल तर वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे शूरा परिषदेच्या अध्यक्षांकडे. न्यायालयाचा तिथे उल्लेखच नाही. कनिष्ठ सभागृह जून २०१२ मध्येच बरखास्त झाले होते. शूरा परिषदेचा निवडणूक कायदा घटनाबाह्य असल्याचा निकाल संविधान न्यायालयाने २ जून २०१३ रोजी दिला होता, पण नवे कनिष्ठ सभागृह निवडून येईपर्यंत परिषद चालू राहील, असेही त्याच निकालात होते. म्हणजे ३ जुलैला परिषद होती आणि तिचे अध्यक्ष अहमद फहमीही होते. कलम पाळायचे तर खुर्ची त्यांची होती.

प्रत्यक्षात ३ जुलैच्या रात्री लष्करप्रमुख जनरल सिसी यांनी मोर्सींना हटवले आणि निवेदन वाचून घटना तात्पुरती स्थगित केली. त्याच निवेदनात न्यायालयाच्या प्रमुखांनी शपथ घ्यावी, संक्रमणकाळात देशाचा कारभार पाहावा आणि त्यांना घटनात्मक जाहीरनामे काढण्याचा अधिकार असावा, असे ठरवून टाकले. मन्सूर यांच्या पदाचा उगम या निवेदनात आहे, कोणत्याही कलमात नाही. ५ जुलैला त्यांनी शूरा परिषद बरखास्त केली, म्हणजे घटनेने ज्या सभागृहाच्या अध्यक्षाला उत्तराधिकारी मानले होते ते सभागृहच राहिले नाही.

मग हा गैरसमज इतका पक्का का? कारण आज घटना उघडली तर तो खरा वाटतो. जानेवारी २०१४ मध्ये मंजूर झालेल्या घटनेच्या कलम १६० मध्ये, सभागृह नसेल तर न्यायालयाच्या प्रमुखांनी पद सांभाळावे, ही तरतूद परत आली. ती मन्सूर यांच्याच कारकिर्दीत लिहिली गेली. नंतरचे कलम दाखवून आधीचे सत्तांतर वैध ठरवता येत नाही.

‘हिदायतुल्लांसारखेच’

ही तुलना महाराष्ट्रात लवकर सुचते, कारण हिदायतुल्ला नागपूरचे. तिथल्या उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते. पण १९६९ चा क्रम पाहा. मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. त्यांचेही पद रिकामे झाले तर काय, यासाठी संसदेने त्याच महिन्यात स्वतंत्र कायदा केला. गिरींनी २० जुलैला राजीनामा दिला आणि त्या कायद्यानुसार सरन्यायाधीश २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतिपदावर राहिले. आधी कायदा, मग रिक्त पद, मग माणूस. राज्यघटना पूर्ण वेळ जागेवर होती आणि संसदही. कैरोत यातले काहीच नव्हते.

‘लष्कराने न्यायालयात आणलेला माणूस’

इथे मन्सूर यांच्यावर अन्याय होतो. ते १९६७ चे कैरो विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर. १९७० पासून प्रशासकीय खटले चालवणाऱ्या मजलिस अद-दौलात, १९९२ पासून संविधान न्यायालयात. २०११ मध्ये बदललेल्या कायद्यानुसार प्रमुख निवडायचा तो तीन ज्येष्ठतम उपप्रमुखांमधून आणि न्यायाधीशांच्या सर्वसाधारण सभेच्या संमतीने. त्या रीतीने मे २०१३ मध्ये त्यांच्या नेमणुकीवर सही केली ती खुद्द मोर्सींनी. आधीचे प्रमुख माहेर अल-बहैरी निवृत्त झाल्यावर १ जुलैपासून पद त्यांचे झाले. ४ जुलैला त्यांनी लागोपाठ दोन शपथा घेतल्या, आधी न्यायालयाच्या प्रमुखपदाची, मग राष्ट्राध्यक्षपदाची.

न्यायालय आणि मोर्सी सरकार यांच्यात तेढ होती, हे खरे. डिसेंबर २०१२ मध्ये मोर्सीसमर्थकांनी न्यायालयाच्या इमारतीला वेढा घातला होता आणि नव्या घटनेने न्यायाधीशांची संख्या एक प्रमुख अधिक दहा इतकी कमी केली होती. पण त्यावरून या एका माणसाला कुणी पेरले होते, असे सिद्ध होत नाही.

‘फक्त सह्या केल्या’

मन्सूर यांचा बचाव करणारे आणि टीका करणारे दोघेही हे वाक्य वापरतात. ‘फक्त’ हा शब्द इथे फार मोठी जबाबदारी झाकतो. ८ जुलैच्या ३३ कलमी जाहीरनाम्याने मंत्रिमंडळाशी सल्लामसलत करून कायदे करण्याचा अधिकार त्यांच्या एकट्याच्या हाती आला. संसद नव्हती, म्हणून सही हाच कायदा होता.

घटनादुरुस्तीचा आराखडाही याच जाहीरनाम्यातला: आधी दहा तज्ज्ञांची समिती (सहा न्यायाधीश, चार प्राध्यापक) आणि तिला ३० दिवस, मग पन्नास सदस्यांची समिती, तिला ६० दिवस, मग सार्वमत. १४ आणि १५ जानेवारी २०१४ ला मतदान झाले. ९८.१ टक्के कौल बाजूने पडला, पण मतदान ३८.६ टक्केच होते. आधी संसदेची निवडणूक, मग राष्ट्राध्यक्षाची, हा जाहीरनाम्यातला क्रम नव्या घटनेने मोकळा सोडला. २६ जानेवारीला मन्सूर यांनी तो उलटा केला. संसदेविना कायदे करण्याचा काळ त्यामुळे लांबला आणि तो अधिकार पुढे सिसींना मिळाला.

१४ ऑगस्ट २०१३ रोजी मोर्सीसमर्थकांनी धरणे धरलेला कैरोतला रबा अल-अदविया चौक सुरक्षा दलांनी रिकामा करताना किमान ८१७ माणसे मारली गेल्याची नोंद ह्युमन राइट्स वॉचने केली आहे. त्याच दिवशी आणीबाणी जाहीर झाली ती राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून. उपराष्ट्राध्यक्ष अल-बरादेई यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मन्सूर पदावर राहिले.

मार्च २०१४ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणूक कायद्याच्या कलम ७ ने निवडणूक आयोगाचे निर्णय न्यायालयीन आव्हानापलीकडे ठेवले. कोणत्याही प्रशासकीय निर्णयाला असे कवच देता येणार नाही, असे नव्या घटनेचे कलम ९७ सांगते. बावीस वर्षे हीच कलमे तपासणाऱ्या न्यायाधीशाची ही सही होती, म्हणून ती अधिक खटकते. पदाच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी लैंगिक छळाला किमान सहा महिने कैदेची तरतूद आणली, हेही त्यांच्याच नावावर जमा करायला हवे.

‘निवडणूक हरले’

ते उभेच नव्हते. २०१४ मध्ये उमेदवार दोनच होते, सिसी आणि हमदीन सबाही. ८ जूनला मन्सूर यांनी विजयी सिसींकडे सत्ता सोपवली, न्यायालयात परतले आणि ३० जून २०१६ ला निवृत्त झाले.

त्यांच्या सहीचा सर्वाधिक जाच झाला तो २४ नोव्हेंबर २०१३ च्या १०७ क्रमांकाच्या निदर्शन कायद्याचा. निदर्शनाची लेखी सूचना किमान तीन कामाचे दिवस आधी पोलिसांना द्यायची, आणि कलम १० नुसार गृहमंत्र्यांनी ते रोखले तर निमूट बसायचे किंवा कोर्टात जायचे. डिसेंबर २०१६ मध्ये, त्यांच्या निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी, संविधान न्यायालयाने कलम १० मधला बंदीचा हा अधिकार घटनाबाह्य ठरवला. आधी सूचना देण्याची अट मात्र कायम राहिली.