अदृश्य म्हणजे कचरा नव्हे, महाराज!

बिर्हाड. तर्हा. गिर्हाईक. चर्हाट. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे र्हास. शब्दकोशाची फाइल ‘जरा साफ करून’ परत आली ती अशी. सोबत निरोप: नको असलेली अदृश्य अक्षरं काढून टाकलीत, फाइल थोडी हलकीही झालीय. उपकार झाले!

कुठून तरी उचललेली तीच ती कोडची एक ओळ. युनिकोडमधल्या (अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) २००बी ते २००एफ या क्रमांकांचं सगळं उडवा. इंग्रजी मजकुराला चालतं हो. पण त्या पाचांत २००डी बसलाय, झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारा, न दिसणारा संकेत. जुन्या पद्धतीनं टंकलेल्या मजकुरात र, हलन्त आणि हा जॉइनर मिळून तर आपला अर्धा ऱ उभा राहतो. जॉइनर गेला की र सरळ पुढच्याच्या डोक्यावर चढतो, रफार होऊन. दऱ्या होत्या, त्यांचा दर्या झाला. आचाऱ्यांचा पगार आचार्यांच्या खिशात. शेजारचा २००सी, अक्षरं जोडू न देणारा, तो पण गेला, म्हणजे मुद्दाम पाय मोडून ठेवलेली अक्षरं जोडाक्षरांत घुसली ती वेगळीच. आणि व्हॅलिडेटर, म्हणजे फाइलीची रचना तपासणारा प्रोग्रॅम? हिरवागार! एंट्रीत (नोंदीत) फॉर्म (रूप) आहे, फॉर्ममध्ये ऑर्थ (शब्दाचं लेखन) आहे, सेन्सला (अर्थाला) क्रमांक आहे, झालं त्याचं समाधान. ऑर्थच्या आत शब्द आहे की शब्दाचं मढं, हे रिलॅक्स एनजी, म्हणजे व्हॅलिडेटरची रचनेची नियमावली, बघत नाही.

बरं, उलटं बदलून टाकावं म्हटलं तर तेही नाही. सगळे र्य ऱ्य करायला गेलं की सूर्य, कार्य, धैर्य आडवे. र्ह मध्ये अर्हता आणि गर्हणीय ठाण मांडून आहेत. मग बसा. जुन्या प्रतीतून जॉइनर असलेला प्रत्येक शब्द वेगळा काढायचा, शेजारी त्याचं जॉइनर काढलेलं रूप ठेवायचं, आणि ते रूप जुन्या प्रतीत स्वतंत्रपणेही आहे का ते बघायचं. नसेल तर बेलाशक बदला. असेल, तर एकेक एंट्री उघडून, डोळ्यांनी. जुनी प्रतच परत का नाही घ्यायची? कारण साफसफाईनंतर त्याच फाइलीत तीन दिवस अर्थ दुरुस्त झालेत. गिट, म्हणजे बदलांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर? आहे ना गिट. एकच कमिट (नोंद), शेरा ‘किरकोळ बदल’, आणि वरून प्रिटी-प्रिंट (ओळी आपोआप तोडून मांडणारं बटण) मारल्यामुळे डिफमध्ये (फरकांच्या यादीत) झाडून सगळ्या ओळी लाल-हिरव्या.

प्रिटी-प्रिंट! टॅग आणि शब्द मिसळलेल्या मजकुरात ते बटण दाबायचं नसतं हे किती वेळा सांगायचं? हाय टॅगच्या (शब्द उठून दिसावा म्हणून लावतात तो) आत ‘नदी’, बाहेर ‘चा’. मधे ओळ तुटली की छापात ‘नदी चा’. हीच मंडळी व्याकरणाच्या खुणा दुरुस्त करायला फाइल स्प्रेडशीटमध्ये ओततात, आणि इंग्रजी आकड्यांतला अर्थक्रमांक ३-१ तारीख होऊन परत येतो. पुल्लिंगाला ‘पु.’, ‘पुं.’, ‘पु .’ आणि ‘पुल्लिंगी’. अरे, चार लिंगं झाली ना ही! अंतःकरणात विसर्गाच्या जागी कोलन. ॲ कुठे ०९७२ हा एकच संकेत, तर कुठे ०९०५ (अ) वर ०९४५ (चंद्र); दिसायला जुळे, शोधात एकमेकांना ओळखत नाहीत. ‘एनएफसी चालवा’ (समान अक्षरं एकाच रूपात आणणारी युनिकोडची प्रक्रिया) म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः चालवून बघावं. युनिकोडच्या लेखी ती दोन समान नाहीतच, तो बदल हातानंच लिहावा लागतो. आणि ‘सॉर्ट केलंय’ म्हणून पाठवलेल्या यादीत क्षमा क मध्ये, ज्ञान ज मध्ये आणि ळ ल-व च्या मधे कोंबलेला. वर्णमाला कोणी शिकवलीच नाही का यांना?

असो. खरं तर योग्य क्रम साधा आहे. आधी र-हलन्त-जॉइनर जिथे जिथे आहे तिथे ०९३१ (ऱ) आणि हलन्त करून घ्या, मग उरलेले जॉइनर मागच्या-पुढच्या अक्षरासकट यादीत काढा, आणि ज्यांच्या मागे हलन्त नाही तेवढेच उडवा. एवढंच. सूचनापत्रात आहे हे. पान चौदा. तिथपर्यंत कोण जातंय म्हणा.

आणि हो, यासाठी स्कीमॅट्रॉनचा, म्हणजे आपण लिहिलेल्या नियमांनी फाइल तपासणाऱ्या साधनाचा, पहाराही होता: ऑर्थमध्ये जॉइनर दिसला की इशारा. फक्त नियम लिहिणाऱ्या शहाण्यानं, म्हणजे अस्मादिकांनी, अवतरणचिन्हांत २००डी चा संकेत न लिहिता तो जॉइनरच टंकला होता. अदृश्य. साफसफाईची ओळ नियमांच्या फाइलीवरूनही फिरली, अवतरणं रिकामी झाली, आणि रिकामी स्ट्रिंग (अक्षरमालिका) तर प्रत्येक शब्दात ‘सापडते’. एकूण एक एंट्रीवर इशारा! मग साफ करणाऱ्यानं ‘हा नियम बिघडलेला दिसतोय’ म्हणून तो बंद करून ठेवला. व्हॅलिडेटर हिरवागार तो त्यामुळे. आता यात त्याची तरी काय चूक.